एका माणसापुरती चिप

"तुम्ही बसा, चहा मी करतो," रणजित म्हणाला, आणि मेघनाला वाटलं, हा चेष्टा करतोय.

त्याला हॉस्पिटलमधून घरी आणून जेमतेम आठवडा झाला होता. कानामागची जखम भरत आली होती, भादरलेल्या जागी केसांची खुंटं दिसू लागली होती. चहा त्याने तिला आवडतो तसाच केला. आलं ठेचून, दूध बेताचं, साखर नावापुरती. म्हणजे विसरला काहीच नव्हता. पण कप तिच्यासमोर ठेवून तो पलीकडच्या खुर्चीत बसला तो पाहुणा बसतो तसा, पाठ न टेकवता. कॉलेजच्या ट्रेकपासूनची त्यांची ओळख, लग्नाला दहा वर्षं होऊन गेलेली, आणि इतक्या काळात त्याने तिला 'तुम्ही' म्हटलं असेल ते फक्त भांडणात.

"बरं, अहो काटकर," ती हसून म्हणाली.

तो हसला नाही. त्याने काळजीने विचारलं, "माझं काही चुकलं का?"

मेघना नाही म्हणाली, चहा प्यायली आणि औषधांचा परिणाम असेल अशी तिने स्वतःची समजूत घातली. शिवाय त्या दिवसांत ती इतक्या आनंदात होती, की असल्या गोष्टी मनाला लावून घ्यायला तिला सवडच नव्हती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच घरात एक अख्खा आठवडा कुणी जमिनीवर कोसळलं नव्हतं.

रणजित वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. पस्तिशीत त्याला मेंदूज्वर झाला. त्यातून तो उठला, पण कानशिलाच्या आतल्या भागात एक बारीकसा व्रण मागे राहिला आणि त्या व्रणापासून फिट यायला लागल्या. फिट येण्याआधी त्याला दर वेळी एकच गोष्ट व्हायची. समोर जे काही असेल ते एकाएकी ओळखीचं वाटू लागायचं. "परक्या गावच्या स्टँडवरची भिंतसुद्धा आपल्या घरची वाटते," असं त्याने एकदा मेघनाला सांगितलं होतं. "इतकी आपली वाटते, की रडू येतं. पुढचं काही आठवत नाही." डॉक्टर त्याला पूर्वखूण म्हणायचे. ती काही सेकंद टिकायची. मग डोळे फिरायचे, हातपाय आखडायचे आणि तो उभ्याने पडायचा.

औषधं बदलून झाली, वाढवून झाली. गाडी चालवणं सुटलं. न्हाणीघराच्या दाराची आतली कडी काढून टाकली. विद्यार्थ्यांना घेऊन मसाईच्या पठारावर गेला असताना तो कड्यापासून हातभर अंतरावर पडला, तेव्हा कॉलेजने त्याच्या सहली बंद केल्या, आणि रानात जाऊ न शकणारा तो वनस्पतिशास्त्रज्ञ घरात बसून वाळत चालला. त्यानंतर एकदा झोपेतच फिट आली आणि त्याचा श्वास थांबला. मेघना शेजारी होती म्हणून निभावलं. त्याच्यावर उपचार करणाऱ्या मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. रेहाना मुजावर यांनी तिला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, की असे रुग्ण कधी कधी सकाळी उठत नाहीत.

मेघना बाणेरच्या एका छोट्या कंपनीत प्रोसेसरची रचना करायची. तिची कंपनी सगळ्या कामांना चालणारे प्रोसेसर बनवत नसे. एकाच कामासाठी बेतलेले बनवत असे. यातला फरक तिने एकदा सासूबाईंना स्वयंपाकघरात समजावून सांगितला होता. सुरीने भाजी चिरता येते, फळं कापता येतात, प्रसंगी पाकीटही फोडता येतं. खोवणीवर फक्त नारळ खोवता येतो. पण नारळाच्या बाबतीत सुरीने खोवणीच्या नादी लागू नये.

मोबाइलमधला प्रोसेसर सुरीसारखा असतो. त्याला काहीही करता येतं, कारण तो सूचना वाचून काम करतो. सूचना आणायची, तिचा अर्थ लावायचा, लागणारे आकडे आणायचे, बेरीज करायची, उत्तर परत नेऊन ठेवायचं. यात बेरजेला वीज फारशी लागतच नाही, बहुतेक सगळी या ने-आणीत जाते. आणि जाणारी वीज म्हणजे उष्णता. कवटीच्या आत हे चालत नाही. तिथे एका अंशाची वाढही मेंदूला इजा करते, आणि बॅटरी बदलायला दर वर्षी कुणी डोकं उघडत नाही. म्हणून मेंदूत बसवायच्या चिपमध्ये सूचना नकोतच, असं ठरलं. फिट कशी ओळखायची हे संगणकाने शिकलेलं सगळं थेट तारांच्या जाळ्यात कोरायचं. ती चिप एकच प्रश्न विचारणार, फिट सुरू होते आहे का? हो असेल तर उलटा बारीकसा विजेचा ठोका देऊन ती जागच्या जागी विझवणार. दुसरं काही तिला येणार नाही, आणि एकदा कोरलेलं पुढे बदलताही येणार नाही.

पूर्वी हे परवडलं नसतं. चिप छापायला लागणारे साचे इतके महाग असत, की एकाच साच्यातून लाखो चिपा काढाव्या लागत. पण अलीकडे इलेक्ट्रॉनच्या शलाकेने, साचा न वापरता, सिलिकॉनवर सरळ लिहिता येऊ लागलं होतं. त्यामुळे शिंपी जसा एकाच्या मापाचा सदरा बेततो, तशी एकाच माणसाच्या मेंदूच्या मापाची चिप बेतता येत होती. रणजितची चिप मेघनाने स्वतः बेतली. डॉ. मुजावरांनी त्याच्या मेंदूत काही काळासाठी बारीक तारा बसवल्या, त्यातून येणारे संकेत महिनोन्‌महिने साठवले, आणि फिटची अगदी पहिली चाहूल कशी दिसते हे त्यातून शोधलं. चाहूल जितकी लवकर ओळखावी तितका ठोका हलका पुरतो. अर्ध्या सेकंदाचा उशीर केला, तर काही फिट हातातून निसटतात. लवकर की उशिरा, असा प्रश्न आला तेव्हा तिघांनी मिळून लवकरची बाजू घेतली. रणजितच सगळ्यात ठाम होता.

हॉस्पिटलमधल्या चाचणीत चिप एकदाही चुकली नाही.

आई फलटणहून आल्या तेव्हा मेघनाला प्रथम शंका आली. रणजितची आई म्हणजे कुसुमताई, सत्तरीच्या, एकट्याच एसटीने आलेल्या. पिशवीत ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि लेकासाठी तिळाच्या वड्या. रणजितने दार उघडलं, पिशवी हातातून घेतली, वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "प्रवासात तुम्हाला त्रास नाही ना झाला?"

आईंनी मेघनाकडे पाहिलं. मेघनाने नजर चुकवली.

जेवणं झाल्यावर आई त्याच्याशेजारी बसल्या आणि सवयीने त्याच्या केसांतून हात फिरवू लागल्या. तपासणीच्या टेबलावर बसावं तसा तो ताठ बसून राहिला. थोड्या वेळाने त्याने त्यांचा हात हळूच खाली घेतला, त्यांच्या मांडीवर ठेवला आणि आभार मानले. आई उठून स्वयंपाकघरात आल्या. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"पोरगं माझंच आहे," शेवटी म्हणाल्या. "खोकतोसुद्धा तसाच. पण मेघना, त्याच्या लेखी मी कोण नाही."

त्या संध्याकाळी मेघनाने रणजितला सरळ विचारलं. तोही बहुधा कुणीतरी विचारण्याची वाट पाहत होता. त्याने सांगितलं, की त्याला सगळं माहीत आहे. तिचं नाव, ते कुठे भेटले, पहिल्या घरातला गळका नळ, तिच्या वडिलांच्या अंत्यविधीला पडलेली थंडी. एक तपशील हललेला नाही. पण तिच्याकडे पाहिल्यावर आत काही होत नाही. जिन्यात भेटणाऱ्या माणसाकडे पाहून जेवढं होतं तेवढंच होतं. आईकडे पाहूनही तसंच. हॉस्पिटलमध्ये त्याला वाटलं होतं, घरी गेल्यावर परत येईल. घरी आला आणि घरही तसंच निघालं. आदल्या दिवशी तो वेताळ टेकडीवर गेला होता, किती तरी वर्षांनी एकटा. आनंद व्हायला हवा होता. पण वीस वर्षं ओळखीच्या झाडांसमोर तो नवख्या विद्यार्थ्यासारखा उभा राहिला. एका झाडाची पानं मोजली, तीन निघाली, म्हणून पळस.

"पूर्वी मी पानं मोजायचो नाही," तो म्हणाला. "पळस दिसायचा."

मेघना म्हणाली, मग निदान 'तू' तरी म्हण. त्याने प्रामाणिक प्रयत्न केला. तोंड उघडलं आणि मिटलं.

"जीभ रेटत नाही. खोटं बोलल्यासारखं वाटतं," तो म्हणाला. "तुम्हाला फसवायची माझी इच्छा नाही."

डॉ. मुजावरांनी त्याला तपासायला दोन दिवस घेतले. ओळखीचा चेहरा पाहिला की कुणाच्याही बोटांना नकळत किंचित घाम येतो. तो मोजता येतो. रणजितला त्यांनी अनोळखी माणसांचे फोटो दाखवले, मधूनमधून आईचा, मेघनाचा, त्याच्या लहानपणच्या घराचा. त्याने प्रत्येक फोटो बिनचूक ओळखला. बोटं कोरडी राहिली. पण प्रत्येक ओळखीच्या फोटोला चिपने ठोका दिला होता.

डॉक्टर बाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं. ओळखणं हे एक काम नसून दोन कामं आहेत. हा चेहरा कुणाचा, हे मेंदूचा एक भाग सांगतो. तो चेहरा आपला आहे, ही ऊब दुसऱ्या भागातून येते. रणजितचा व्रण नेमका त्या उबेच्या वाटेवर आहे. म्हणून तर फिटच्या आधी परकी भिंतही त्याला आपली वाटत असे. त्याच्यात फिट आणि ओळख एकाच जागी पेट घेतात. चिप ती ठिणगी विझवते. तिला तेवढंच सांगितलं आहे आणि ती ते चोख करते.

"पण मग चाचणीत कसं कळलं नाही?" मेघनाने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला उत्तर सापडलं. चाचणीच्या त्या खोलीत ओळखीचं होतंच काय? पांढऱ्या भिंती, पाळी बदलली की बदलणाऱ्या नर्स, आणि तोंडाला मास्क लावून लॅपटॉपमध्ये डोकं घातलेली ती स्वतः.

पुढचे तीन महिने मेघना कामाला जुंपली. सुट्ट्या नाहीत, सणवार नाहीत. तिला वाटत होतं, हा रचनेचा प्रश्न आहे, आणि रचनेचे प्रश्न सुटतात. रणजितचे चिप बसवण्याआधीचे सगळे जुने संकेत तिने पुन्हा काढले. पूर्वी तिने फक्त फिटमध्ये संपलेल्या ठिणग्या पाहिल्या होत्या. आता तिने आपोआप विझलेल्याही शोधल्या. त्या हजारोंनी होत्या. एकेकीची वेळ त्या काळातल्या त्याच्या खोलीच्या कॅमेऱ्याशी ताडून पाहताना तिला दिसलं, की कुठली ठिणगी ती दारातून आत आल्याची होती, कुठली तिने चुकून चप्पल जोरात आपटल्याची, कुठली आईंचा फोन आल्याची. तिच्या नवऱ्याचं तिच्यावरचं प्रेम तिच्यासमोर पडद्यावर वळवळत्या रेषांत पसरलं होतं. इतकं स्पष्ट ते तिने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

आता या दोन तऱ्हांमधला फरक नव्या चिपला शिकवायचा, एवढंच बाकी होतं. तिने कंपनीतली सगळ्यात मोठी यंत्रं लावली, विजेचा नि उष्णतेचा काहीही विचार न करता. चाहूल लागल्यानंतर अर्धा सेकंद थांबलं, तर यंत्र फरक अचूक सांगत होतं. पण अर्ध्या सेकंदाने काही फिट हाताबाहेर गेलेल्या असत. आणि पहिल्या क्षणी विचारलं, तर यंत्राचं उत्तर नाणं उडवून दिल्यासारखं येत होतं. तिने पद्धती बदलल्या, माणसं लावली, दुसऱ्या देशांतल्या तज्ज्ञांना विचारलं. सगळ्यांचा आकडा तोच. शेवटी तिला मान्य करावं लागलं, की सुरुवातीला फरक नाहीच. काही ठिणग्या विझतात, काहींचा वणवा होतो. ठिणगी असताना ती कुठली, हे खुद्द मेंदूलाही ठाऊक नसतं. चिपला कुठून असणार?

ज्या दिवशी तिने हे डॉ. मुजावरांना सांगितलं, त्या दिवशी रणजितनेच एक मागणी केली. चिप काही वेळ बंद ठेवता येते. कानामागे लोहचुंबक धरला, की ती झोपते; काढला, की जागी होते. एकदा बंद करून बघू, तो म्हणाला. आपण काय गमावलंय हे मला माहीत आहे, पण कळत नाही. बाईंना ते पसंत नव्हतं. तरी सगळी तयारी करून, त्यांच्या देखरेखीखाली, एका दुपारी करायचं ठरलं. आई हट्टाने आल्या.

चुंबक मेघनाच्या हातात होता. तिने तो रणजितच्या कानामागे धरला. बराच वेळ काहीच झालं नाही. डॉक्टर घड्याळाकडे पाहत होत्या, आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. रणजित खिडकीबाहेरच्या झाडाबद्दल काही तरी सांगत होता. सांगता सांगता थांबला, आणि त्याने मान वळवली.

"आई," तो म्हणाला, "तू किती बारीक झालीस गं."

आईंनी तोंडाला पदर लावला. तो हसत मेघनाकडे वळला. तिच्याकडे पाहत राहिला, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

"मेघू, केस कधी कापलेस तू?"

केस तिने हॉस्पिटलच्या धावपळीत, किती तरी महिन्यांपूर्वी कापले होते. इतके महिने तो रोज तिला पाहत होता. त्याने तिचा मोकळा हात धरला, अंगठ्याने तिच्या बोटांच्या पेरांवर दाबत राहिला. बरे दिसतात, म्हणाला. रडू नकोस, म्हणाला. घरी जाताना मासे घेऊन जाऊ, आईच्या हातचं कालवण किती दिवसांत खाल्लं नाही. तो भराभर बोलत होता, लांबच्या गावाहून परतलेला माणूस बोलतो तसा. आई होकार देत होत्या, डोळे पुसत होत्या.

मग तो डॉ. मुजावरांकडे पाहून तितक्याच मायेने हसला.

"बाई, आपली फार जुनी ओळख आहे, नाही का?"

बाईंच्या आधी ते मेघनाला कळलं. त्याची नजर बाईंवरून स्टुलावर गेली, स्टुलावरून भिंतीवर, आणि जिथे जाईल तिथे ती तशीच भरून येत होती. चुंबक काढायला हवा होता. तिला ते माहीत होतं, हातही ठिकाणावर होता. पण तिचा दुसरा हात त्याच्या हातात होता आणि तो तिला मेघू म्हणत होता. एक श्वास घेण्याइतकी ती थांबली. तिने चुंबक काढला तेव्हा वणवा लागून गेला होता.

ती फिट आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठी होती. श्वास परत यायला इतका वेळ लागला, की डॉक्टरांनी आईंना खोलीबाहेर पाठवलं. मेघना भिंतीला पाठ लावून उभी होती. तिने रचलेलं, तिला कणाकणाने माहीत असलेलं ते यंत्र आता जागं झालं होतं, पण आता त्याच्या करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि तिच्याही.

सायंकाळी रणजित शुद्धीवर आला. त्याने आधी छताकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे. त्याच्या पकडीचे वळ त्यावर उठले होते.

"तुम्हाला लागलं का?" त्याने विचारलं.

चिप चालू राहील, हे सांगायला कुणाची गरज पडली नाही. आईंनी एकच वाक्य उच्चारलं, जगू दे, आणि दुसऱ्या दिवशी त्या फलटणला निघून गेल्या. त्या दुपारचं रणजितला सगळं आठवत होतं. पण एखाद्याने आपल्याला सांगितलेली हकिकत आठवावी तसं.

त्यानंतरचं त्यांचं एकत्र राहणं बाहेरून पाहणाऱ्याला आदर्श वाटलं असतं. तो घरकामात वाटा उचलायचा. आवाज चढवायचा नाही. तिला बरं नसलं की औषध आणून द्यायचा. तो तिच्याशी इतका चांगला वागायचा, की तक्रारीला जागा नव्हती. आणि भांडण उकरून काढलं, तर तो शांतपणे आपली चूक शोधू लागायचा. एकदा तिने मुद्दाम त्याचा कप फोडला. त्याने तुकडे गोळा केले आणि तिच्या पायाला काच लागली नाही ना, ते पाहिलं.

पावसाळा सरता सरता त्याने सांगितलं, की आंबोलीच्या जंगलात वनस्पतींची मोजदाद करायचं वर्षभराचं काम आहे आणि त्याने होकार दिला आहे. फिट नाहीत म्हटल्यावर त्याला कुणी अडवणार नव्हतं. हेच तर त्यांना हवं होतं. मेघनाने कारण विचारलं. त्याने टाळाटाळ केली नाही.

"नवीन माणसांत मला काही कमी आहे असं जाणवत नाही," तो म्हणाला. "तिथे कुणीच ओळखीचं नसतं, त्यामुळे सगळं बरोबर असतं. इथे तुम्ही माझ्याकडे बघता, तेव्हा तुम्ही कुणाची तरी वाट बघत असता. मी तो नाही, हे मला दिवसातून किती वेळा सांगावं लागतं."

राहा म्हणायचं, तर कुणाच्या जोरावर? ज्या नात्याच्या जोरावर माणूस 'राहा' म्हणतो, ते त्याला तोंडपाठ होतं. पण त्याला बांधत नव्हतं. तिने त्याचे स्वेटर बॅगेत घातले. स्वारगेटला सोडायला गेली. खिडकीतून त्याने हात हलवला, जितका हलवायला हवा तितका. तिथून तो दर रविवारी फोन करायचा, न चुकता. प्रकृती विचारायचा, सापडलेल्या एखाद्या आमरीबद्दल, म्हणजे ऑर्किडबद्दल, तिच्या पाकळीवरच्या ठिपक्यांबद्दल सांगायचा. तेव्हा त्याच्या आवाजात खरा उत्साह असायचा. ती आमरी त्याने पूर्वी कधी पाहिलेली नसायची.

दरम्यान रणजितच्या चिपची ख्याती पसरली. एवढ्या महिन्यांत, ती चालू असताना, एकही फिट नाही, असा दाखला दुसरा नव्हता. कंपनीच्या बैठकीत मेघनाने घडलेलं सगळं मांडलं. लोकांनी गंभीरपणे ऐकलं. ज्यांचा व्रण त्याच जागी आहे अशांना आधी कल्पना द्यावी, असं ठरलं, आणि संमतीपत्रात एक ओळ वाढली. मेघनाने हे काम आपण करणार नाही म्हणून सांगून पाहिलं. डॉ. मुजावरांनी तिच्याशी वाद घातला नाही. फक्त सांगितलं, की चिपसाठी थांबलेल्यांच्या यादीतला एक मुलगा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा, गेल्या आठवड्यात झोपेत गेला. त्याची चिप बेतायला कुणी मोकळं नव्हतं.

म्हणून मेघना एके दिवशी पुन्हा हॉस्पिटलमध्ये गेली. पुढचा रुग्ण इस्लामपूरकडचा, वेल्डिंगचं काम करणारा. फिटमुळे काम सुटलेलं. व्रण रणजितच्याच जागी. तो आत तपासणीला गेला होता आणि बाहेर त्याची बायको बसली होती. रेश्मा वाघमोडे तिचं नाव, तिशीच्या आतली, मांडीवर झोपलेली दीड वर्षाची मुलगी. मेघनाने स्वतःची ओळख सांगितली. चिप मी बनवते, म्हणाली. माझ्या नवऱ्यालाही बसवली आहे.

"कसे आहेत मिस्टर?" रेश्माने लगेच विचारलं.

मेघनाने ठरवलं होतं, की काही लपवायचं नाही. तिने सगळं सांगितलं. चहा सांगितला, 'तुम्ही' सांगितलं, आईंचा हात सांगितला. ती दुपार सांगितली. तुमचे मालक तुम्हाला ओळखतील, नावानिशी ओळखतील, पण तुम्ही त्यांच्या आहात असं त्यांना वाटणार नाही. मुलीबद्दलही वाटणार नाही. आणि हे नंतर दुरुस्त करता येणार नाही, मलासुद्धा नाही. सांगताना तिला आपल्या आवाजात एक आर्जव ऐकू येत होतं. या बाईने नाही म्हणावं, असं तिला वाटत होतं. आणि नाही म्हटलं तर त्या माणसाचं काय होईल, हेही तिला माहीत होतं.

रेश्मा खाली मान घालून ऐकत होती. मुलीच्या कपाळावर आलेली बट तिने मागे सारली. तिला किती कळलं, ते मेघनाला समजेना.

"हिला घेऊ देत नाही मी त्यांना," ती म्हणाली. "जन्मल्यापासून एकदाच घेतलं, अन्‌ तेव्हाच फिट आली. सासूबाईंनी वरच्यावर झेलली हिला. तेव्हापासून ते लांबनंच बघतात." ती थांबली. "ते बसवल्यावर हिला कडेवर घेतील ना?"

मेघनाला वाटलं, या बाईला परत पहिल्यापासून सांगावं. कडेवर घेणं आणि जवळ घेणं यातला फरक सांगावा. पण रेश्मा तिच्याकडे पाहत होती आणि तिचा प्रश्न साधा होता.

"घेतील," मेघना म्हणाली. "पडणार नाहीत."

"मग बसवा," रेश्मा म्हणाली.

आतून नर्सने वाघमोडेंच्या घरच्यांना हाक मारली. रेश्मा मुलीला खांद्यावर टाकून उठली. दार उघडलं तसा आतला माणूस तिला पाहून हसला. मुलीला पाहून त्याचा हात नकळत पुढे आला, आणि त्याने तो आवरून मागे घेतला. मेघनाने ते पाहिलं. मग ती खाली उतरली, ऑफिसला गेली आणि तिने त्याच्या मेंदूचे संकेत उघडून कामाला सुरुवात केली.